झेपुलचं राहिलेलं लग्न

"आमची मुलगी नव्वद वर्षं तुमच्या घरात राहतेय आणि अजून लग्नाचं नाव नाही. शोभतं का हे तुम्हाला?"

लावाउस किनानं हे विचारलं आणि एलेंगच्या तोंडचं पाणी पळालं. कारण हे वाक्य जपानीत सांगायचं काम तिचं होतं, आणि ऐकणार होते शिरामाची विद्यापीठाच्या संग्रहालयाचे संचालक मिनेगिशी सर. ते समुद्रापलीकडे, संगणकाच्या पडद्यावर, टाय बांधून, समोर करार ठेवून आणि सहीचं पेन उघडून बसले होते.

मुलगी म्हणजे झेपुल, आणि झेपुल म्हणजे एक लाकडी खांब. बसलेल्या बाईएवढा उंच, बसलेल्या बाईएवढाच रुंद, दोन्ही हात छातीशी, डोळे टपोरे. पूर्वी तो लावाउस किनाच्या पणजीच्या घरात उभा असायचा, आणि आमच्या डोंगरात खांबावर कोरलेल्या पूर्वजाला कोणी खांब म्हणत नाही. आमच्याकडे जपान्यांचं राज्य होतं तेव्हा तिकडचे एक प्राध्यापक डोंगर चढून पुलावान गावात आले, त्यांनी फोटो काढले, म्हाताऱ्यांच्या डोक्यांची मापं घेतली, आणि जाताना झेपुलला हातगाडीवर घालून घेऊन गेले. सोबत राळ्याच्या कणसांची एक जुडीही नेली. विचारलं कोणालाच नाही. तेव्हापासून झेपुल शिरामाचीच्या तळघरात गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी घालून उभी होती.

एलेंग पुलावानचीच. डोंगराच्या पायथ्याच्या शहरात विद्यापीठाचं जे संग्रहालय आहे, तिथे ती नोकरीला. त्या संग्रहालयानं, शिरामाचीनं आणि इतर काही देशांतल्या संग्रहालयांनी मिळून एक मंडळ काढलं होतं. 'शाश्वत विकासासाठी विद्यापीठ संग्रहालयांचे आंतरराष्ट्रीय सहकार्य मंडळ' असं त्याचं नाव, जे कापडी फलकावर कधीच एका ओळीत मावलं नाही. पण नावाला काय करायचं आहे? कल्पना चांगली होती. तळघरात जे पडून आहे ते ज्यांच्याकडून आणलं त्यांच्या पोटापाण्याला उपयोगी पडावं, एवढंच त्या लांबलचक नावात म्हटलं होतं.

आणि एलेंगचा सगळा जीव त्या राळ्याच्या जुडीत अडकला होता. पुलावानचा जुना राळा लांब दाढीचा. कणसाला असे राठ केस की चिमण्या एकदा तोंड लावून पाहायच्या आणि पुन्हा फिरकायच्या नाहीत. ताट असं चिवट की वादळात आडवं झालं तरी दुसऱ्या दिवशी उठून बसायचं. पुढे मोठ्या वादळात डोंगर खचला, गाव खाली सरकलं, आणि तो राळा गेला तो गेलाच. आता दुकानातलं बी पेरायचे. अर्धं वाऱ्यानं लोळायचं, अर्धं चिमण्या खायच्या. गेल्या हंगामात एलेंगच्या आईनं चिमण्या हाकून हाकून घसा बसवून घेतला, तरी पीक आलं ते एका टोपलीत मावलं. वरची शेतं एकेक करून गवतात चालली होती. शिरामाचीला मात्र संग्रहालयाशेजारच्या शेतकी विभागानं त्या जुडीतले दाणे दर काही वर्षांनी पेरून जिवंत ठेवले होते. करार झाला की बी पुलावानला मिळणार होतं. आणि पेरणीचे दिवस तोंडावर आले होते.

म्हणजे सह्या तेवढ्या राहिल्या होत्या. गावाच्या वतीनं ती लावाउस किनानं करायची होती, कारण ती थोरल्या घराची थोरली लेक, म्हणून आमची प्रमुख. आणि किना (वडीलधाऱ्या बाईला आम्ही असंच म्हणतो, पुरुषाला कामा) सही करायच्या ऐवजी लग्नाचं काढून बसली होती.

"किना," एलेंग पडद्याकडे हसतमुख बघत दातातल्या दातात म्हणाली, "हे असं बोलायचं नसतं. करार आहे हा."

"किती दिवसांचा?"

"पाच वर्षांचा. विद्यापीठाच्या नियमात त्याहून जास्त बसत नाही."

"पाच वर्षांसाठी कोण मुलगी देतं गं?"

"मुलगी देत नाही आहोत. सहकार्य करतोय. शाश्वत विकासासाठी."

"शाश्वत म्हणजे?"

"म्हणजे... कायमचं. आपल्यामागून येणाऱ्यांनाही पुरेल असं."

"आणि ते पाच वर्षं टिकणार."

एलेंगनं सहीचं पान किनापुढे सरकवलं.

"तिला परत आणा असं मी म्हणते का?" किना म्हणाली. "आणून ठेवू कुठे? जुनं घर दरडीखाली गेलं. माझ्या निळ्या ट्रकशेजारी उभी करू? राहू दे बापडी तिथे. पण रीतसर राहू दे. मागणी घालून, मानपान करून, चार लोकांत. करार संपतात. सोयरे संपत नाहीत, मग ते हवेसे असोत की नकोसे. सांग त्यांना. आणि साखर घालून सांगू नकोस, मला कळतं तुझ्या तोंडावरून."

एलेंगनं सांगितलं. थोडी साखर घातलीच. पडद्यावर बराच वेळ काही हललं नाही, इतका की तिला वाटलं इंटरनेट अडकलं. मग मिनेगिशी सरांनी चष्मा काढला, टायनं पुसला, परत घातला आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "मुलीकडच्यांच्या अपेक्षा काय आहेत?"

एलेंग खुर्चीवरून पडायचीच बाकी होती.

अपेक्षा ढीगभर होत्या. एक डुक्कर, चांगलं पोसलेलं. सरपणाच्या मोळ्या. सुपारी टोपल्यांनी. लोखंडी हंडा. राळ्याची दारू. आणि मुख्य म्हणजे झेपुलनं लग्नासाठी स्वतः पुलावानला यायचं, कारण मुलगी माहेरच्या दारातून निघते, तळघरातून नाही. शिरामाचीच्या हिशेबनिसांनी डुकराच्या खर्चावर लाल शेरा मारला, तेव्हा मिनेगिशी सरांनी ते 'प्रदर्शन साहित्य' या सदरात घातलं. एलेंगच्या विद्यापीठानं मध्यस्थाची भूमिका घेतली आणि मध्यस्थ म्हणून एलेंगलाच पुढे ढकललं. या सगळ्या आनंदात एकच माणूस दुःखी होतं. ते म्हणजे शिरामाचीची उसामी.

उसामीचं काम वस्तूंची निगा राखायचं, आणि ती ते जीव तोडून करायची. झेपुलला तिनं मऊ पांढऱ्या कागदाच्या इतक्या थरांत गुंडाळलं होतं की पेटी उघडल्यावर आत खांब आहे की पाव, कळत नव्हतं. पेटीसोबत हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र आलं, आणि यंत्रासोबत उसामी आली, पांढरे हातमोजे घालूनच.

"ही वस्तू माझ्या नजरेआड होता कामा नये," विमानतळावर तिनं एलेंगला बजावलं. "नजरेआड झाली तर कुलपात पाहिजे. हरवली, मोडली, काहीही झालं, तर त्याच क्षणी पोलिसांत कळवायचं आणि करार रद्द. बी माझ्या पिशवीत आहे. ते तसंच परत जाईल."

"काही होणार नाही," एलेंग म्हणाली. "लग्न आहे. लग्नात काय होणार?"

हे बोलताना तिला आपल्याच गावातलं एकही लग्न आठवलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

पेटी चर्चच्या सभागृहात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पाद्री कापांग यांच्याकडे दिली. लग्नाच्या सकाळी उसामी यंत्र बघायला गेली. सभागृहाचं दार उघडं होतं. पेटी उघडी होती. पांढरा कागद निम्मा गायब, उरलेला छान घड्या घालून ठेवलेला. यंत्र एका खुर्चीवर मांडलेलं, हवा उत्तम असल्याचं सांगत होतं. झेपुल नव्हती.

उसामीची किंकाळी ऐकून एलेंग धावली. पाद्री कोपऱ्यात उभे होते आणि त्यांचा चेहरा साय चोरलेल्या मांजरासारखा झाला होता.

"तुम्ही इथेच होतात ना?" एलेंगनं विचारलं.

"इथेच. प्रार्थना करत होतो."

"मग कोण आलं, कोण गेलं, दिसलं नाही?"

"प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात गं, एलेंग," पाद्री म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे आणि ते बोललेही नव्हते.

आणि मग एलेंगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्याकडे नवरी अशी सहजासहजी हाती लागत नाही. लग्नाच्या दिवशी तिच्या मैत्रिणी तिला लपवतात. वरपक्षानं घामाघूम होऊन शोधायचं. लवकर सापडली तर मुलीला किंमत नाही, आणि शोधलीच नाही तर तो सगळ्या गावाचा अपमान. एलेंगनं लहानपणी अशा कितीतरी नवऱ्या भाताच्या कणग्यांमागे आणि पलंगांखाली पाहिल्या होत्या. पण खांब लपवतील हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला कोणी सांगितलंही नव्हतं, कारण ती मध्यस्थ, म्हणजे अर्धी तिकडची.

"नवरी लपवली आहे," ती उसामीला म्हणाली.

"कोणती नवरी? ती नोंदलेली सांस्कृतिक वस्तू आहे! तिच्यावर क्रमांक आहे!"

"इथे ती नवरी आहे. वरपक्षानं शोधायची असते. सापडते. नेहमी सापडते."

"मी पोलिसांना कळवते." उसामीनं फोन बाहेर काढला. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, हे एलेंगला दिसलं. झेपुलच्या एका कानाशी बारीक चीर होती, ती वाढू नये म्हणून या बाईनं वर्षानुवर्षं जपलं होतं.

"दुपारपर्यंत थांबा," एलेंगनं हात जोडले. "पोलीस आले की सगळं गेलं. सहकार्य गेलं, बी गेलं. माझी आई वरच्या शेतात वाफे करून बसलीय. मी तिला शब्द दिलाय. पाया पडते तुमच्या."

एवढ्यात मिनेगिशी सर आले. नवरदेव म्हणजे खरं तर संग्रहालय, पण संग्रहालयाला बंडी घालता येत नाही, म्हणून बायकांनी सकाळीच नवरदेवाचा पोशाख सरांना चढवला होता: भरतकामाची काळी बंडी, डोक्यावर रानडुकराच्या सुळ्यांची टोपी, खाली मात्र त्यांची स्वतःची इस्त्रीची पँट. एलेंगनं त्यांना सगळं सांगितलं. ते रिकाम्या पेटीत डोकावले, मग पाद्र्यांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर जमलेल्या आणि तोंडावर हात दाबून हसणाऱ्या पोरींकडे.

"शोधायचं कोणी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"मी एकटा?"

"वरपक्षानं."

सरांनी उसामीकडे पाहिलं. "उसामी, वरपक्ष म्हणजे आपण दोघंच आहोत," ते म्हणाले. "चला. दुपारपर्यंत." आणि टोपी सावरत ते चालायलाही लागले.

ते चार पावलं गेले नसतील, तोच विजेच्या खांबावरच्या भोंग्यातून आधी रोजची कचरागाडीची धून आणि मग निवडून आलेले सरपंच गिलिगिलाव कामा यांचा आवाज घुमला. गॅस आला, लस आली, कोणाचा कुत्रा सुटला, सगळं ते त्यावरूनच सांगायचे. पण आजच्या आवाजात काही वेगळीच लज्जत होती.

"गावकऱ्यांनो, लक्ष द्या! वरपक्ष सभागृहातून बाहेर पडला आहे. वर पुढे, करवली मागे. करवलीच्या हातात पांढरे मोजे आहेत. वर डावीकडे वळला. डावीकडे काही नाही, हे त्याला कोणी सांगू नका!"

सगळं गाव गच्चीवर, ओट्यावर, ट्रकच्या टपावर चढून बसलं. मदत करायची बंदी, पण चुकीचा रस्ता दाखवायला बंदी नव्हती. "सर, इकडे, इकडे!" म्हणून एकीनं त्यांना कोंबड्यांच्या खुराड्यात घातलं. आत अंडी निघाली. दुसरीनं पाण्याच्या टाकीकडे बोट केलं. सर शिडी चढले, टाकीत डोकावले आणि वरून सगळ्यांना हात हलवला. गावानं टाळ्या वाजवल्या.

"वर टाकीवर! वराचं वय किती? पासष्टच्या पुढे? वा! वधूपक्षाकडून वराच्या गुडघ्यांचं अभिनंदन!"

"हे काय बोलतायत?" उसामीनं विचारलं.

"तुमची चौकशी करतायत," एलेंग म्हणाली.

लावाउस किनाच्या अंगणात ताडपत्रीखाली नवरीच्या मैत्रिणी ओळीनं बसल्या होत्या. मैत्रिणी म्हणजे गावातल्या सगळ्यात वयस्कर बाया, कारण झेपुलच्या वयाचं दुसरं कोणी शिल्लक नव्हतं. प्रत्येकीच्या अंगावर सणाचा पोशाख, गळ्यात मण्यांच्या माळा, डोक्यावर ताज्या फुलांचा मुकुट, आणि तोंडावर रडायचा रुमाल, कारण नवरी जाताना मैत्रिणींनी रडायचं असतं. अजून रडायची वेळ झाली नव्हती, म्हणून रुमालाआडून त्या सुपारी चघळत होत्या. मिनेगिशी सर मोठे रीतीचे. ते एकेकीपुढे कमरेत वाकले, टोपलीतून एकेकीच्या मांडीवर सुपारी ठेवली आणि आदरानं विचारलं, "आपण नवरीला पाहिलंत का?" उत्तरादाखल खिदळणं ऐकू आलं. एक बाई काहीच बोलली नाही, तेव्हा सरांनी एलेंगला हळूच सांगितलं, "यांची तब्येत बरी दिसत नाही. यांना जरा घरात नेऊन बसवा." आणि पुढे गेले.

मग त्यांनी चर्चचा बाजा उघडून पाहिला. मग शाळेचं कपाट. मग किनाचा निळा ट्रक, ज्यात दोन पोरं झोपली होती. ऊन चढलं. सरांची बंडी घामानं भिजली. आणि गंमत अशी की हा माणूस दर अपयशाला आणखी खुलत होता. एलेंगनं त्यांना आजवर फक्त सभांमध्ये पाहिलं होतं, जिथे ते प्रत्येक वाक्याआधी खोकायचे. आज ते खोकले नव्हते. धावत होते, दारं ठोठावत होते, म्हाताऱ्यांशी हातवारे करत होते, कोणी दिलेली राळ्याची दारू एका दमात पीत होते.

उसामी मात्र हळूहळू पांढरी पडत चालली होती. सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती किनाच्या अंगणात थांबली. "बस झालं," ती म्हणाली. "माफ करा, एलेंग. मी फोन करते."

वरची शेतं एलेंगच्या डोळ्यांपुढे आली, आणि आईनं काढलेले वाफे. किनाच्या दारात जाऊन तिनं हलक्या आवाजात विनवलं, "किना, बस कर ना. बी जाईल परत. कुठे ठेवलीय सांग. नुसता इशारा कर."

"मी वधूपक्ष," किना म्हणाली. "मला काही माहीत नाही." पण तिच्याही डोळ्यांत आता काळजी होती. रीत मोडली तर लग्न नाही आणि पाळली तर बी नाही, अशी तीही अडकली होती.

त्याच वेळी खालच्या गल्लीतून प्रचंड गलका उठला. कोणीतरी सरांना डुकराचा गोठा दाखवला होता, आणि गोठ्यात त्यांच्याच संग्रहालयाचं प्रदर्शन साहित्य बांधलेलं होतं. साहित्यानं दोर तोडला.

"वर गोठ्यात!" भोंगा किंचाळला. "वर खाली! डुक्कर वर! नाही, वर वर! वर डुकरावर बसला आहे! गावकऱ्यांनो, वर डुकरावर बसून चर्चकडे निघाला आहे! पाद्रीसाहेब, दार उघडा!"

अंगणातल्या म्हाताऱ्या फुटल्याच. ओळीच्या ओळ गदागदा हलत होती. माळा खुळखुळत होत्या, फुलं गळत होती, एकीची सुपारी घशात अडकली तर शेजारीण तिच्या पाठीत धपाटे घालतानाही हसत होती. एलेंगलासुद्धा, जीव टांगणीला लागलेला असताना, हसू आवरेना.

उसामीनं फोन कानाला लावला होता. तिनं तो हळूहळू खाली घेतला. ती त्या ओळीकडे टक लावून बघत होती. मग ती चालत गेली, एक, दोन, तीन बायका ओलांडून पुढच्या बाईसमोर गुडघ्यांवर बसली. सगळं गाव हसत होतं. ही एकटीच हसत नव्हती. हिच्या मांडीवरची सुपारी सकाळी ठेवली तशीच होती.

उसामीनं मोज्याच्या बोटांनी रुमालाचं टोक उचललं. आतून दोन टपोरे डोळे तिच्याकडे बघत होते.

पहिली गोष्ट तिनं काय केली असेल, तर फुलांच्या मुकुटाखाली बोट घातलं. ओली फुलं, जुनं लाकूड. तिचा चेहरा भांडायच्या तयारीत होता. पण मुकुटाखाली पांढऱ्या कागदाचे थर होते, तिच्याच पेटीतले, नीट दुमडून ठेवलेले. माळांखालीही होते. कानाशी, चिरेपाशी, तर कापसाची छोटीशी उशी होती. उसामी बघतच राहिली. मग तिनं फोन खिशात टाकला आणि आयुष्यात कधी ओरडली नसेल इतक्या मोठ्यानं ओरडली, "सापडली!"

हे भाषांतर करायची गरज पडली नाही.

आता रीतीप्रमाणे रडायचं होतं. म्हाताऱ्यांनी रुमाल डोळ्यांना लावले आणि सूर धरला. पहिली ओळ नेहमीसारखी नाटकी होती, एकमेकींकडे चोरून बघत, हसू दाबत. पण दुसऱ्या ओळीला लावाउस किना पुढे आली, झेपुलच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचा आवाज फुटला.

"हातगाडीवर घालून नेली तेव्हा माझी पणजी दारात उभी होती," ती म्हणाली. "शिपाई होते. रडायचीही चोरी. घरातून मुलगी जाते आणि मागे कोणी रडत नाही, असं कुठे असतं का? नव्वद वर्षं राहिलंय ते रडणं." आणि ती जी रडायला लागली, ती खरंखुरं, नाक ओढत. सगळी ओळ तिच्यामागे रडली. एलेंग उसामीला सांगायला वळली, तर स्वतःच रडायला लागली. उसामीला कळायचं ते कळलं होतं. तिनं हातमोज्यानं डोळे पुसले, आणि मग तो मोजा काढूनच टाकला.

एवढ्यात मिनेगिशी सर येऊन पोचले. टोपीचा एक सुळा गेलेला, बंडीला चिखल, इस्त्रीची पँट कुठल्या रंगाची होती ते सांगणं अवघड. झेपुलला पाहून ते थबकले.

"सकाळी मी यांनाच सुपारी दिली?"

"हो," एलेंग डोळे पुसत म्हणाली. "आणि यांची तब्येत बरी नाही, असंही म्हणालात."

यावर रडणारी सगळी ओळ पुन्हा हसायला लागली, आणि मग कोण हसतंय नि कोण रडतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. सर झेपुलपुढे वाकले. आधी वाकले होते त्याहून खाली, आणि बराच वेळ तसेच राहिले. ते वर आले तेव्हा त्यांचेही डोळे ओले होते.

मग ताडपत्रीखाली टेबल आलं, टेबलावर करार आला. उसामीनं पिशवीतून बियांचा डबा काढून सरांच्या बाजूला ठेवला. सही झाली की तो इकडे सरकायचा होता. एलेंगची नजर त्या डब्यावरून हलेना. किनानं कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"पाच वर्षं. म्हणजे अजून तेच."

"ते माझ्या हातात नाही," सर खरंच खजील होऊन म्हणाले. "करार दर पाच वर्षांनी संपतो. मग पुन्हा करावा लागतो. नियम आहे."

"पुन्हा करावा लागतो," किनानं ते शब्द घोळवले. तिच्या रडून सुजलेल्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "एलेंग, सांग त्यांना. ठीक आहे. दर पाच वर्षांनी करार संपला की माझी मुलगी माहेरी येणार. दर खेपेला आम्ही तिला लपवणार. यांनी यायचं, सोबत त्या वर्षीचं ताजं बी आणायचं आणि तिला शोधायचं. सापडली की घेऊन जा, आम्ही रडू, तुम्हाला जेवू घालू. आहे कबूल?"

एलेंगनं सांगितलं. सर आनंदानं मान डोलवत होते. मग थांबले.

"आणि एखाद्या वेळी आम्हाला ती सापडलीच नाही तर?"

किना वर, डोंगराकडे बघत होती, जिथे जुनं घर होतं आणि जिथे कधीतरी पुन्हा घर उभं करायचं होतं.

"तर समजायचं," ती म्हणाली, "की तिला जायचं नव्हतं."

आता भाषांतर करायचं होतं. एलेंगनं डब्याकडे पाहिलं. हे वाक्य थोडं इकडे तिकडे करणं सोपं होतं. जरा साखर घातली की सरांनी हसून सही केली असती आणि संध्याकाळी बी आईच्या हातात पडलं असतं. तिनं किनाकडे पाहिलं, झेपुलकडे पाहिलं, आणि सगळं वाक्य होतं तसं सांगितलं.

उसामीचा उघडा हात डब्यावर होता. तिनं सरांकडे पाहिलं, आणि मग डब्यावरचा हात स्वतःहून काढून घेतला.

मिनेगिशी सरांनी पेन उचललं. चिखलाचा एक ठिपका कागदावर पडला, त्याच्याशेजारी त्यांनी सही केली, खाली किनाची घेतली, दोन्ही हातांनी डबा उचलून किनाच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "एलेंग, विहीणबाईंना सांगा, तिला जायचं नसेल त्या वर्षी, ज्याला जरा कमी दिसतं असा माणूस मी शोधायला पाठवीन."